विमानात औषधं नेताना: प्रतापनगरच्या मेडिकलवालीच्या सूचना

सिक्युरिटीवाला तुमच्या बीपीच्या गोळ्या काढून घेत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण परदेशी निघालेले काका-काकू दुकानात आले की पहिला प्रश्न हाच असतो: "ताई, बॅग मशीनमध्ये टाकतात, तं गोळ्या खराब नाही होत ना? अन् काढून तं नाही घेणार?" एक्स-रेने गोळी खराब होत नाही. आणि नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर सीआयएसएफचा जवान पडद्यावर शोधत असतो चाकू, कात्री, लायटर, स्फोटकं. तुम्ही शुगरची मेटफॉर्मिन खाता की बीपीची टेल्मिसार्टन, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

काळजी करायचीच असेल तर दुसऱ्या माणसाची करा. जिथे उतरणार तिथल्या कस्टमचा अधिकारी. जवान बघतो की ही वस्तू विमानात धोक्याची आहे का. कस्टमवाला बघतो की हे औषध त्याच्या देशात चालतं का, किती आणलंय आणि कोणाच्या नावाने. सगळे घाबरतात पहिल्याला, आणि दुसऱ्याचा विचार विमान सुटल्यावर करतात. नागपूरहून मुंबई-पुण्याला जाणाऱ्यांना हा दुसरा माणूस भेटतच नाही, त्यांनी खालचा बराचसा भाग सोडून दिला तरी चालेल. शारजा, दोहा, हजला किंवा पुढे अमेरिकेला मुलाकडे जाणाऱ्यांनी मात्र नीट वाचा.

गोळ्यांचा पत्ता कापून नेऊ नका

आपल्याकडे दहाच्या पत्त्यातून चार गोळ्या कापून मागायची सवय आहे. आम्हीही देतो. कात्री चालली की औषधाचं नाव एका तुकड्यावर जातं, एक्सपायरी दुसऱ्यावर, आणि तुमच्या हातात येतो तो चांदीचा कोरा तुकडा. घरी चालतं, कारण "ही पिवळी रात्रीची" हे तुम्हाला पाठ असतं. दोहाच्या अधिकाऱ्याला पिवळी-गुलाबी कळत नाही. प्रवासासाठी पूर्ण पत्ते घ्या, शक्य असेल तर खोक्यासकट. थायरॉइडच्या गोळ्या बाटलीत येतात, ती बाटली तशीच न्या.

सोमवार-मंगळवार लिहिलेला तो प्लास्टिकचा डबा रिकामा न्या आणि पोचल्यावर भरा. नागपूर-बंगळुरूला भरलेला नेला तरी कोणी अडवत नाही, पण सीमा ओलांडताना सुट्ट्या गोळ्यांचा डबा म्हणजे विनाकारण प्रश्नांना आमंत्रण.

होमिओपॅथीवाल्यांना वेगळं सांगते. त्या छोट्या बाटल्यांवर डॉक्टर नुसता आकडा घालतात, नाहीतर "सकाळी" आणि "रात्री". आत पांढऱ्या साबुदाण्यासारख्या गोळ्या. डॉक्टरांना सांगून प्रत्येक बाटलीवर औषधाचं पूर्ण नाव छापील चिठ्ठीवर लावून घ्या. घरगुती चूर्णांचंही तेच. वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलेलं करड्या रंगाचं चूर्ण हे पोटासाठी आहे हे तुम्ही कोणत्या भाषेत समजावून सांगणार? सीलबंद, नाव छापलेला डबाच न्या. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत साधारण 350 मिलीपेक्षा जास्त पावडर असेल तर ती जास्त तपासतात, कधी आत नेऊही देत नाहीत. म्हणून इसबगोलचा मोठा डबा आणि प्रोटीन पावडर सरळ चेक-इनच्या बॅगेत.

डॉक्टरांकडून कागद कसा घ्यायचा

पर्ची असते हो सगळ्यांकडे. पण कशी? दोन वर्षांपूर्वीची, घडीवर फाटलेली, वर नाव "देशमुख काकू", आणि औषधं अशा अक्षरात की मी सवयीने वाचते, दुसरं कोणी वाचू शकणार नाही. धंतोलीत डॉक्टरांकडे जाल तेव्हा पासपोर्टची झेरॉक्स सोबत न्या आणि लेटरहेडवर इंग्रजीत, टाईप केलेलं पत्र मागा. त्यात या गोष्टी हव्यात: पासपोर्टवर आहे तसंच्या तसं नाव, आजार काय, प्रत्येक औषधाचं मूळ नाव आणि ताकद, दिवसातून किती वेळा, किती दिवसांचा साठा सोबत आहे, आणि सुया, इन्सुलिनचं पेन किंवा पंप, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर यातलं काही असेल तर त्याचा स्पष्ट उल्लेख. खाली सही, शिक्का, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक.

मूळ नाव म्हणजे आतल्या औषधाचं नाव. आपले ब्रँड बाहेर कोणाला माहीत नसतात. एकाच टेल्मिसार्टनला आपल्याकडे किती कंपन्यांची किती नावं आहेत, ते माझ्या फळ्या पाहिल्या तर कळेल. पर्चीवर एक ब्रँड आणि पत्त्यावर दुसरा, कारण त्या दिवशी दुकानात पर्यायी कंपनीचा होता, हे तर नेहमीचंच. मूळ नाव लिहिलेलं असेल तर दोन्ही जुळतात.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक औषधांच्या पाऊचमध्ये, एक पर्समध्ये. मोबाइलमध्ये फोटोही ठेवा, पण फोटोच्या भरवशावर राहू नका. नवरा-बायको दोघांची औषधं असतील तर पाऊच वेगळे, पत्रं वेगळी. "आमचं दोघांचं एकत्रच असतं" हे घरी ठीक आहे.

कोणती गोळी अडचणीची

इथे मला जरा थांबून सांगायचं आहे, कारण यात लोकांचा दोष नाही. त्यांना माहीतच नसतं की आपण काय खातो.

शुगरच्या पेशंटला पायात मुंग्या येतात, आग होते. डॉक्टर एक कॅप्सूल देतात, रात्री एक. पेशंट तिला म्हणतो "नसांच्या ताकदीची गोळी". पत्ता उलटा करून बारीक अक्षरं वाचा: बहुतेक वेळा मिथाइलकोबालामिनच्या जोडीला प्रीगॅबालिन असतं, 75 मिलिग्रॅम. पहिलं जीवनसत्त्व, बी-12 चं रूप. दुसरं संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदी अरेबियात नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. म्हणजे शारजाच्या विमानात बसणारे काका विचारलं तर म्हणतील, "व्हिटॅमिनची गोळी आहे जी," आणि ते खरंच तसं मानत असतात.

कंबरदुखीच्या गोळीतही पाहा. पॅरासिटामॉलबरोबर ट्रॅमाडॉल असतं कधी कधी. ट्रॅमाडॉल आपल्याकडेही 2018 पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय. खोकल्याच्या काही सिरपमध्ये अफूच्या घराण्यातलं कोडीन. झोपेच्या आणि घाबरेपणाच्या गोळ्यांमध्ये अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम. आणि एक लपलेली: पोटात मुरडा येतो, वारंवार जावं लागतं, त्यावर दिली जाणारी क्लोरडायझेपॉक्साइड आणि क्लिडिनियमची जोडगोळी. लोक तिला पोटाची गोळी म्हणतात, पण तिच्यातला एक भाग झोपेच्या गोळ्यांच्याच घराण्यातला आहे.

घरच्या घरी ओळखायची एक खूण आहे. आपल्या पत्त्यावर वरच्या बाजूला साधं आर-एक्स असतं, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध. त्याच्याआधी लाल रंगात एन लागलेलं, म्हणजे एन-आर-एक्स दिसलं, तर ते औषध भारतातच अमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या कायद्यात बसतं. असं औषध कोणत्याही देशात नेण्याआधी चौकशी करायचीच. पण ही खूण पुरेशी नाही. प्रीगॅबालिनवर ती नसते. म्हणून सगळी औषधं एका पिशवीत भरून तुमच्या मेडिकलवाल्याकडे न्या, दुपारी दोन-तीनला, गर्दी नसते तेव्हा, आणि कोणत्या देशात जाताय ते सांगून एकेक पत्ता वाचून घ्या. मी करते हे काम, पैसे घेत नाही. बाकीचेही करतील, फक्त संध्याकाळी सातला नका जाऊ.

यादीत काही सापडलं तर? अमिरातीत आणि सौदीत अशा औषधांसाठी सरकारी संकेतस्थळावर आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, त्यात डॉक्टरांचं पत्र आणि पर्ची जोडावी लागते. सिंगापूरचंही तसंच. जपान सर्दीच्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रिनवरही लक्ष ठेवतं, 10 टक्क्यांहून जास्त असेल तर नेता येत नाही. तिकीट काढलं की लगेच हे काम हातात घ्या. बरेचदा सोपा मार्ग असा की डॉक्टरांना विचारून प्रवासापुरतं दुसरं औषध सुरू करायचं. मात्र प्रीगॅबालिन किंवा झोपेची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्याचा त्रास होतो. बदल करायचा तर डॉक्टरांच्या हाताने आणि निघायच्या काही आठवडे आधी, म्हणजे नवं औषध मानवतं का ते घरी असतानाच कळेल.

याच भागात एक गोष्ट औषध नसून सांगावी लागते: खसखस. अमिराती, सौदी आणि सिंगापूरमध्ये खसखस नेणं गुन्हा आहे, अफूच्या झाडाचं बी म्हणून. आता नागपूरकर मुलीकडे दुबईला निघाला की बॅगेत काय टाकतो? सावजी मसाला. दिवाळीनंतर असेल तर अनारसे. सावजी मसाल्यात खसखस पडते आणि अनारसे तर तिच्यावरच थापतात. गोळ्यांचा हिशेब नीट ठेवून मसाल्यात अडकू नका. हजला जाणाऱ्यांच्या घरच्यांनीही डबे भरताना हे लक्षात ठेवा.

किती न्यायचं

मुक्कामाचे दिवस अधिक आठवडाभराचं जास्तीचं. दिल्लीच्या धुक्यात डिसेंबर-जानेवारीत विमानं लटकतात, कनेक्शन सुटतं, आणि तुमची चेक-इन बॅग तुमच्याशिवाय पुढे निघून जाते. म्हणून रोजची सगळी औषधं हातातल्या बॅगेत. सहसा 7 किलोची मर्यादा असते, त्यात गोळ्यांचं वजन ते किती! साडी एक कमी न्या.

अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहणाऱ्यांची अडचण खरी आहे. तिथे 90 दिवसांपर्यंतचा साठा स्वतःसाठी नेणं ठीक मानतात. पुढचं औषध मागवता येतं, पण पाकिटासोबत व्हिसा आणि पासपोर्टची प्रत, डॉक्टरांचं पत्र आणि पर्ची लागते. दुसरा मार्ग म्हणजे तिथल्या डॉक्टरला एकदा दाखवून साध्या बीपी-शुगरच्या गोळ्या तिकडेच घेणं. मेटफॉर्मिनसारख्या जुन्या गोळ्या तिथेही फार महाग नसतात, डॉक्टरची फी मात्र जोरात असते. दोन्हीचा हिशेब मुलाला आधीच करायला सांगा.

इन्सुलिन

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन 30 अंशांच्या खाली साधारण चार आठवडे चालतं. कंपनीप्रमाणे फरक असतो, खोक्यातला कागद वाचा. आता मे महिन्यात नागपूर 45 च्या पुढे असतं, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. इन्सुलिनला खरा धोका विमानात नसतो, प्रतापनगर ते सोनेगाव या रस्त्यात असतो. पाऊच डिकीत नको, मांडीवर घ्या.

गार ठेवायला दोन प्रकार मिळतात. एक जेलपॅकचा डबा. यात एकच चूक होते: फ्रीजरमधून दगडासारखा गोठलेला पॅक काढून इन्सुलिनला चिकटवून ठेवतात. इन्सुलिन गोठलं की कामातून गेलं, नंतर वितळून दिसायला ठीक दिसलं तरी. मध्ये सुती रुमालाची घडी ठेवा. दुसरा प्रकार म्हणजे पाण्यात भिजवायचा कापडी पाऊच, आतले दाणे फुगतात आणि पाणी उडत जातं तसा गारवा येतो. आपल्या खसच्या कूलरचंच तत्त्व. म्हणून नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो झकास चालतो आणि मुंबईच्या दमट हवेत ढेपाळतो. मुंबईला उतरून पुढे रात्रभर थांबायचं असेल तर जेलपॅकच घ्या.

चेक-इनच्या बॅगेत इन्सुलिन कधीही नको. खालच्या कप्प्यात किती गार होईल याचा भरवसा नाही.

विमानात हवेचा दाब कमी असतो, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तसा. पेनला सुई लावून ठेवली तर आत हवेचे बुडबुडे शिरतात. सुई टोचायच्या वेळीच लावा, आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का बघा, मग डोस घ्या. आणि जेवणाआधीचं इन्सुलिन जेवणाचा ट्रे प्रत्यक्ष समोर आल्यावरच. "आता आणतीलच" या आशेवर टोचलं, आणि तेवढ्यात विमान हलायला लागून जेवण वाटणं थांबलं, तर शुगर खाली जाते. खिशात ग्लुकोज बिस्किटं किंवा साखरेच्या पुड्या ठेवा. वापरलेली सुई समोरच्या कप्प्यात खोचू नका, सफाई करणाऱ्याच्या बोटात जाते. जाड प्लास्टिकची छोटी डबी सोबत ठेवा.

वेळेचा घोळ वेगळा. शारजा आपल्यापेक्षा दीड तास मागे, दोहा अडीच तास, न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास. आखाताला जाताना फारसं काही बदलत नाही. अमेरिकेला जाताना लांबलेल्या दिवसाचं इन्सुलिन कसं घ्यायचं ते डॉक्टरांकडून तारखेनिशी लिहून घ्या. ते काम माझं नाही, आणि शेजारच्या काकूंचं तर नाहीच.

तपासणीच्या रांगेत

औषधांचा पाऊच पारदर्शक घ्या आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवा. लॅपटॉप आणि पॉवर बँक ट्रेमध्ये काढताना तोही काढा आणि विचारायच्या आधीच सांगा: "इन्सुलिन है, सुई है, डॉक्टर का लेटर है." बहुतेक वेळा मान हलवून पुढे सोडतात. लपवल्यासारखं खाली ठेवलं की बॅग बाजूला जाते, उघडली जाते, आणि तुमच्या घड्या केलेल्या साड्यांचा पसारा होतो.

आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत द्रव 100 मिलीच्या बाटलीत, आणि सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. बाटलीवर लिहिलेलं माप बघतात. 200 मिलीच्या बाटलीत तळाशी चमचाभर उरलंय हे सांगून उपयोग नाही. लागणाऱ्या औषधाला यातून सूट असते, पण प्रवासात लागेल तेवढंच, पर्चीसह आणि आधी दाखवून. दशमूलारिष्टाची 450 मिलीची बाटली प्रवासात लागत नाही, ती झिपच्या पिशवीत गुंडाळून चेक-इनमध्ये. दोहाला विमान बदलताना पुन्हा तपासणी होते, म्हणून नागपूरला चाललं म्हणून पत्र बॅगेच्या तळाशी टाकू नका.

पेसमेकर असेल तर कार्ड हातात ठेवा आणि जवानाला सांगा की हातातलं डिटेक्टर छातीवर धरून ठेवू नका, हाताने तपासा. मेटल डिटेक्टरच्या दारातून नेहमीच्या चालीने गेलं तर काही होत नाही, तिथे रेंगाळू मात्र नका. इन्सुलिन पंप किंवा दंडावरचा शुगरचा सेन्सर असेल तर बऱ्याच कंपन्या तो एक्स-रेमध्ये किंवा बॉडी स्कॅनरमध्ये नेऊ नका म्हणतात. हाताने तपासणी मागायचा तुम्हाला हक्क आहे. बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवान करते, तिथे पोटावरचा पंप दाखवायला संकोच नको. गुडघ्याची वाटी बदललेली असेल तर मशीन वाजणारच, वाजू द्या.

इनहेलर खिशात चालतो. पाऱ्याचा थर्मामीटर हातातल्या बॅगेत चालत नाही, डिजिटल घ्या. नेब्युलायझर किंवा झोपेत लावायचं सीपॅप मशीन न्यायचं असेल तर विमान कंपनीला आधी कळवा, आणि त्यांच्या सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या पॉवर बँकेसारख्याच हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. घरचं ऑक्सिजन सिलिंडर घेऊन विमानतळावर जाऊ नका. ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटसाठी कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून आधी मंजुरी घ्यावी लागते, आणि त्याला वेळ लागतो.

परतताना उरलेले पत्ते तिथल्या ओळखीच्यांना वाटून येऊ नका, विशेषतः आखातात. दुसऱ्याच्या नावाची नियंत्रित गोळी घरात सापडली तर त्रास त्यांना होतो. आणि तिकडून येताना मुलगा जे मोठमोठे मल्टिव्हिटॅमिनचे डबे देतो, ते सुरू करण्याआधी एकदा लेबल दाखवा. वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण त्यातल्या व्हिटॅमिन-के ने रक्त पातळ ठेवायचा सगळा हिशेब बिघडतो.